एका लॅबमधली चांगली रीत दुसऱ्या लॅबमध्ये कशी न्यावी: सोलापूर जिल्ह्यातील संगणक विभागांसाठी मार्गदर्शक

समजा, एका कॉलेजात मुलांना ‘सी’ या प्रोग्रामिंग भाषेतले पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणारी व्हेरिएबलं, आठवडाभरात उमगतात आणि ५० किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात तेच पॉइंटर महिना खातात. हे कानावर आलं की पहिली मागणी ठरलेली असते: ‘सर, तुमचं पीपीटी पाठवा ना.’ पीपीटी येतं, वर्गात दाखवलं जातं, फरक काही पडत नाही. पडणार तरी कसा? तिकडे काम पीपीटीने केलेलंच नसतं. आदल्या आठवड्यात मुलांकडून मेमरीचे चौकोन वहीत काढून घेतलेले असतात, प्रॅक्टिकलची बॅच २० जणांची असते, आणि लॅब असिस्टंटला स्वतःला ‘सी’ येत असतं. यातलं काहीच फाइलला जोडून येत नाही.

म्हणून या लेखात एकाच गोष्टीचा आग्रह आहे. शिकवण्याची रीत दुसऱ्याला द्यायची तर ती कोणत्या अटींवर चालते, तेही सोबत द्या. घेणाऱ्यानेही आधी अटी वाचाव्यात, मग रीत. लेख नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकांसाठी आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवणाऱ्यांसाठी आहे. बीसीए, बीएस्सी ईसीएस (एंटायर कॉम्प्युटर सायन्स), एमसीए आणि अभियांत्रिकीचे कॉम्प्युटर विभाग डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

सोलापूरला याबाबतीत एक मोठी सोय आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झालं ते एकाच जिल्ह्यासाठी. संलग्न कॉलेजांत एका वर्गाचा अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, सत्राचं वेळापत्रक जवळपास एक. म्हणजे ‘तुमच्याकडे हा भाग कधी येतो?’ या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे सारखं. स्वायत्त कॉलेजं मात्र अभ्यासक्रम स्वतः ठरवतात, अभियांत्रिकीचा आराखडाही निराळा. रीतींच्या देवाणघेवाणीसाठी जो गट कराल त्यात त्यांनाही जरूर घ्या, पण विभागांची जोडी विषयावरून लावा, वर्गावरून नको. एकाकडे डेटा स्ट्रक्चर दुसऱ्या सत्रात असेल आणि दुसऱ्याकडे तिसऱ्या, तर चालतं. फक्त ते रीतीच्या पानावर (पायरी ३) लिहिलेलं असावं.

पायरी १: तीन-चार विभाग, एक विषय

जिल्ह्यातल्या सगळ्या विभागांना पत्र पाठवून सुरुवात करू नका. त्यातून एक उद्घाटन होतं, शाल-श्रीफळ होतं आणि ग्रुप फोटो निघतो. तीन किंवा चार विभाग पुरेत, आणि प्रत्येकातून दोन शिक्षक हवेत. एकच असला आणि तो सोडून गेला किंवा रजेवर गेला, की तो विभागच गटातून गळतो. दोघांपैकी एक सीएचबीवरचा असावा, कारण पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकल पुष्कळदा त्यांच्याच वाट्याला येतात आणि मुलं नेमकी कुठे अडतात ते त्यांना ठाऊक असतं.

विषय एकच घ्या. पहिल्या सत्रासाठी ‘सी’ किंवा पायथॉनची ओळख हा सगळ्यात फायद्याचा, कारण तो सगळीकडे आहे आणि सगळीकडे दुखतो. डीबीएमएस, म्हणजे डेटाबेसचा विषय, दुसऱ्या फेरीला. मशीन लर्निंगचा मोह टाळा. तिथे प्रत्येक विभाग स्वतःच चाचपडत असतो, देण्यासारखं कोणाकडे फारसं साठलेलं नसतं.

एचओडींची (विभागप्रमुखांची) आणि प्राचार्यांची परवानगी लेखी घ्या, तीन ओळींच्या अर्जावर: विषय कोणता, महिन्यातून किती वेळ, दुसऱ्या कॉलेजात जाण्यासाठी किती वेळा ड्युटी लीव्ह लागेल. सत्रात दोनदा मागा, मिळते. सीएचबीच्या शिक्षकाला ड्युटी लीव्ह हा प्रकारच नसतो. तास बुडला की मानधन बुडतं. त्याची भेट त्याचा तास नसलेल्या दिवशी ठेवा आणि प्रवासखर्च विभागाने द्यावा, हे सुरुवातीलाच बोलून घ्या. नंतर बोलायला संकोच वाटतो आणि माणूस न सांगता येणं थांबवतो.

पायरी २: नेमकं विचारायला शिका

‘तुमच्याकडची बेस्ट प्रॅक्टिस कोणती?’ असं विचारलं की समोरचा नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या अहवालांची, भाषा बोलू लागतो. त्याऐवजी विषयाच्या आत शिरून विचारा. पहिल्या प्रॅक्टिकलला मुलं नेमकं काय टाइप करतात? लूपच्या (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचनेच्या) आत लूप कोणत्या आठवड्यात येतं आणि त्या दिवशी शेवटपर्यंत किती जण पोचतात? मुलगा ‘एरर येतोय सर’ म्हणाला की तुम्ही जागेवर जाता की त्याला एररची ओळ मोठ्याने वाचायला लावता? जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, कधी तपासता? कुठला भाग तुम्ही शिकवणंच सोडून दिलंय?

शेवटच्या प्रश्नातून सर्वांत जास्त हाती लागतं. चांगला शिक्षक काय गाळतो हे त्याच्या नोट्समध्ये कधीच दिसत नाही.

जर्नलचंच बघा. मुलं प्रोग्राम एकमेकांचे बघून वहीत उतरवतात, सही होते, गुण पडतात, हे सगळ्यांना माहीत आहे. यावर काही ठिकाणी असा उपाय करतात: सहीच्या वेळी मुलाने स्वतःचा प्रोग्राम चालवून दाखवायचा आणि शिक्षकाने सांगितलेला एक छोटा बदल तिथेच करायचा. बेरीज सम संख्यांचीच कर, चढता क्रम उतरता कर, असं काही. ऐकायला सोपं आहे, पण हिशेब करा. एका मुलाला ४ मिनिटं लागतात. २० जणांच्या बॅचला ८० मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये बसतं. बॅच ३० ची असेल तर पूर्ण १२० मिनिटं यातच जातात आणि नवं काही शिकवायला वेळ उरत नाही. तिथे दर आठवड्याला चिठ्ठी काढून दहाच मुलांना बोलवावं लागतं. मोठ्या बॅचच्या कॉलेजाला ‘आम्ही ओरल घेतो, फार छान चालतं’ एवढंच सांगितलं, तर दोन आठवड्यांत ते बंद पडणार आणि दोष रीतीला लागणार.

पायरी ३: एक पान लिहा

रीत एका पानात बसली पाहिजे. नॅकला पाठवायच्या बेस्ट प्रॅक्टिसचा साचा बहुतेकांना पाठ असतो: शीर्षक, उद्दिष्टं, संदर्भ, प्रत्यक्ष कृती, यशाचा पुरावा, अडचणी व लागणारी साधनं. साचा वाईट नाही, पण तो समितीने वाचायचा असतो. त्यामुळे ‘यशाचा पुरावा’ फुगतो आणि ‘अडचणी’ दोन ओळींत आटोपतात. सहकाऱ्याला याच्या बरोब्बर उलटं हवं असतं.

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंट विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘एप्कॉस’ नावाचा प्रकल्प झाला. अनेक विद्यापीठांच्या संगणक विभागांतून विद्यार्थी-प्रकल्प घेण्याच्या रीती त्यात गोळा केल्या गेल्या. प्रत्येक रीत थोडक्यात मांडायची आणि ती कशी चालते, कशाने जास्त चांगली चालते, कशावाचून चालतच नाही, हे वेगवेगळं सांगायचं, असा त्यांचा साचा होता. आपल्या पानासाठी तो उत्तम आहे. सात कप्पे करा:

कोणती अडचण सुटते. एक वाक्य, मुलांच्या बाजूने. ‘मुलांना लूप वाचता येतं पण लिहिता येत नाही’ असं.

काय करायचं. मिनिटांसह, क्रमाने.

काय लागतं. कागद, यंत्रं, माणसं, आधीची तयारी किती तासांची.

कुठे चाललं. वर्ग, सत्र, बॅचची संख्या, आठवडा, विषयाचे तास.

कशाने जास्त चांगलं चालतं.

कशावाचून चालत नाही. हा कप्पा रिकामा असेल तर पान परत पाठवा.

कुठे फसलं. किमान एक प्रसंग, कारणासह.

नमुन्यादाखल एक रीत मांडून दाखवतो. कॉम्प्युटर नसलेल्या वर्गातही ती चालते, म्हणून आपल्याकडे विशेष उपयोगाची.

नमुना: प्रोग्रामच्या पट्ट्या

मुलांना तयार प्रोग्रामच्या ओळी सुट्या करून, उलटसुलट क्रमाने द्यायच्या आणि त्यांनी त्या लावायच्या. न्यूझीलंडमध्ये डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये अशी कोडी मांडली, म्हणून जगभर त्यांना पार्सन्स प्रॉब्लेम म्हणतात. वाक्यरचनेच्या चुकांत न अडकता मुलाला फक्त क्रमाचा आणि तर्काचा विचार करावा लागतो, हा त्यातला फायदा.

अडचण वर दिलेलीच: वाचता येतं, लिहिता येत नाही. प्रोग्राम घ्या अ‍ॅरेमधली (ओळीने साठवलेल्या संख्यांमधली) सर्वांत मोठी संख्या शोधण्याचा. आठ बरोबर ओळी: व्हेरिएबल जाहीर करणं, वाचनाचं लूप, त्यातलं स्कॅनएफ (संख्या वाचणारं), ‘मोठी’मध्ये पहिली संख्या ठेवणं, तुलनेचं लूप, त्यातलं इफ (अट तपासणारं), ‘मोठी’ बदलणं, शेवटचं प्रिंटएफ (उत्तर छापणारं). यात दोन चुकीच्या पट्ट्या मिसळा. एकीत ‘मोठी’ शून्याने सुरू होते, दुसरीत तुलनेचं चिन्ह उलटं आहे. प्रश्नात स्पष्ट लिहा की संख्या ऋणही असू शकतात. ते लिहिलं नाही तर शून्याची पट्टी चुकीची ठरत नाही आणि हुशार मुलगा तुमच्याशी वाद घालून जिंकतो.

६० जणांचा वर्ग म्हणजे ३० जोड्या. प्रत्येकी १० पट्ट्या, एकूण ३००. एका ए-फोर पानावर मोठ्या अक्षरांत एक संच बसतो, म्हणून ३० पानं आणि हरवाहरवीसाठी ३ जादा. झेरॉक्स साध्या कागदावर काढू नका, कार्डशीटवर काढा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखे बंद ठेवून वर्ग घेता येत नाही आणि पंख्याखाली साध्या कागदाच्या पट्ट्या उडतात. प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात एक अक्षर छापा, क्रमाने नव्हे, कसंही: त, म, क, ब. मुलांनी उत्तर म्हणून फक्त अक्षरांची माळ वहीत लिहायची. फिरता फिरता नजरेने तपासून होतं. मागच्या बाजूला संचाचा क्रमांक घाला, नाहीतर शेजारच्या बाकांचे संच एकमेकांत मिसळले की पुढच्या वर्गाला एका पाकिटात नऊ आणि दुसऱ्यात अकरा पट्ट्या निघतात.

वेळ १५ मिनिटं: ८ लावायला, ४ शेजारच्या जोडीशी ताडून बघायला, ३ फळ्यावर. दोन-तीन जोड्या तिसऱ्याच मिनिटाला हात वर करतात. त्यांच्यासाठी एक कोरी पट्टी ठेवा: ‘मोठी संख्या कितव्या जागी आहे तेही छापायचं असेल तर काय बदलाल?’

जास्त चांगलं कशाने चालतं? जोडी घरच्या भाषेत बोलू शकली तर. सोलापूर शहरात तेलुगू आणि उर्दू, अक्कलकोटकडे कन्नड, बाकी मराठी. मुलं पुस्तकातलं इंग्रजी वाक्य पाठ म्हणतात, पण ‘आधी वाचल्याशिवाय पहिली संख्या कुठून येणार?’ हा वाद आपल्याच भाषेत घालतात, आणि शिकणं त्या वादातच होतं. ‘ओन्ली इंग्लिश’ची पाटी एवढी १५ मिनिटं झाकून ठेवा.

कशावाचून चालत नाही? मुलांनी आधी किमान दोन लूप हाताने, वहीत तक्ता करून सोडवलेली असली पाहिजेत. नसतील तर ती पट्ट्या अंदाजाने लावतात, इंग्रजीच्या पेपरातला ‘वाक्य जुळवा’ सोडवावा तशी. शिवाय उत्तराचा क्रम एकच निघेल असा प्रोग्राम हवा. दोन ओळींची अदलाबदल करून चालत असेल तर त्या एकाच पट्टीवर छापा. महिरपी कंसांच्या वेगळ्या पट्ट्या करूच नका. सगळे कंस सारखे दिसतात आणि अर्धा वेळ ‘हा कुठला कंस’ यात जातो. वरच्या उदाहरणात प्रत्येक लूपखाली एकच विधान आहे, त्यामुळे कंसांची गरजच पडत नाही. ते उदाहरण निवडण्याचं कारणही तेच.

असं पान लिहायला पहिल्यांदा दोन-अडीच तास लागतात. पुढे तासाभरात होतं.

यंत्रांची नोंद, कंटाळा आला तरी

‘काय लागतं’ या कप्प्यात सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहायची राहते आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. ‘सी’चा प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारा कंपायलर एका कॉलेजात अजून जुना टर्बो सी असतो, डॉसबॉक्सवर चालणारा, दुसऱ्यात नवा जीसीसी असतो. फॅक्टोरिअलचा तोच प्रोग्राम ८ साठी चालवला तर जीसीसीत ४०३२० येतं आणि टर्बो सीमध्ये उणे २५२१६. टर्बो सीमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, १६ बिटांचा असतो आणि ३२७६७ च्या पुढे मावत नाही, म्हणून. जीसीसीत इंट सहसा ३२ बिटांचा, तिथे १२ पर्यंत उत्तर बरोबर येतं आणि १३ ला बिघडतं. हे माहीत असेल तर त्यातून ओव्हरफ्लोचा सुंदर धडा होतो. माहीत नसेल तर भर वर्गात शिक्षक घामाघूम. उलट दिशेनेही अडतं: टर्बोतले क्लिअर-स्क्रीन आणि गेट-सीएच लिनक्सवर जीसीसी वापरणाऱ्यांकडे कंपाइलच होत नाहीत.

पायथॉनचं तसंच. जुन्या लॅबमध्ये विंडोज ७ असेल तर पायथॉन ३.८ च्या पुढचं तिथे बसत नाही. मॅच-केस ही पर्याय निवडायची रचना आली ३.१० मध्ये. म्हणजे मॅच-केस वापरून लिहिलेला सराव त्या लॅबमध्ये एक ओळही न चालता अडणार. म्हणून पानावर चार गोष्टी लिहा: ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर किंवा इंटरप्रीटरची आवृत्ती, इंटरनेट लागतं की नाही, आणि एका यंत्रावर किती मुलं.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबू. कॉम्प्युटर कमी पडतात म्हणून दोघं एका यंत्रावर बसतात, आणि अहवालात त्याला ‘पेअर प्रोग्रामिंग’ असं नाव मिळतं. पेअर प्रोग्रामिंगमध्ये एकाच्या हातात कीबोर्ड, दुसऱ्याचं काम बघणं आणि पुढचा विचार करणं, आणि दर १५-२० मिनिटांनी अदलाबदल. अदलाबदल शिक्षकाने घड्याळ लावून करवली नाही तर ज्याला येतं तो शेवटपर्यंत टाइप करतो आणि दुसरा मोबाइल बघतो. जोडी लावतानाही फार अंतर नको. पहिला आणि शेवटचा यांची जोडी म्हणजे एकाची शिकवणी आणि दुसऱ्याची झोप.

पायरी ४: जाऊन बघा

पान वाचून निम्मं कळतं. उरलेलं वर्गात उभं राहून. इतरत्रही हाच अनुभव आहे. सॅली फिंचर आणि जॉश टेनेनबर्ग यांनी २००५-०६ मध्ये ‘डिसिप्लिनरी कॉमन्स’ नावाने ब्रिटन आणि अमेरिकेत दोन गट चालवले. प्रोग्रामिंगची ओळख शिकवणारे निरनिराळ्या संस्थांतले शिक्षक वर्षभर दर महिन्याला भेटत आणि आपापल्या कोर्सची सविस्तर नोंद तयार करत. एकमेकांचे वर्ग बघणं हा त्या कामाचाच भाग होता.

भेटीचा क्रम असा ठेवा. तासाआधी २० मिनिटं: आज काय होणार, मुलं कुठे अडतील असं वाटतं. मग पूर्ण प्रॅक्टिकल. नंतर लगेच ३० मिनिटं, चहासोबत. नंतर कधीतरी फोनवर बोलू म्हटलं की ते राहून जातं.

बघताना शेवटच्या बाकावर बसू नका. प्रॅक्टिकलमध्ये एका यंत्राजवळ उभे राहा आणि एकाच जोडीकडे लक्ष ठेवा. वहीत तीन रकाने: वेळ, शिक्षक काय करतो, मुलं काय करतात. दर पाच मिनिटांनी किती मुलांचे हात कीबोर्डवर आहेत ते मोजा. १ ते ५ असे गुण देऊ नका. मुलांना मदत करू नका, कितीही जीव तुटला तरी. आणि नोंदीची वही वर्ग घेणाऱ्याकडेच देऊन या. ती एचओडींकडे गेली असं एकदा जरी झालं, तरी पुढच्या भेटीला तुम्हाला सजवलेला तास बघायला मिळेल.

भेटीनंतर पहिला प्रश्न विचारा: ‘आज नेहमीपेक्षा वेगळं काय झालं?’ पाहुणा आला म्हणून मुलं शांत होती की रोज असतात, हे त्यावरून समजतं.

अंतराचा विचार करा. बार्शी आणि पंढरपूर सोलापूरपासून साधारण ७०-७० किलोमीटरवर, एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. करमाळ्याहून यायचं तर जाण्या-येण्यातच दिवस जातो. अशा विभागाशी एक भेट प्रत्यक्ष आणि एक व्हिडिओ कॉलवर करा. कॉलवर वर्ग बघताना लॅपटॉप शिक्षकाकडे नको, मुलांकडे तोंड करून ठेवा.

पायरी ५: आपल्याकडे एका बॅचवर

आणलेली रीत एकाच बॅचवर, तीन ते चार आठवडे करून बघा. सगळ्या बॅचवर एकदम लावली आणि फसली, तर सत्राच्या मध्यावर माघार घेता येत नाही.

पहिल्यांदा जशीच्या तशी करा. लगेच ‘आमच्या मुलांसाठी’ बदल केलात आणि चाललं नाही, तर रीत चुकली की बदल, हे कळायला मार्ग नाही. ज्या अटी तुमच्याकडे नाहीत तेवढ्यापुरताच बदल, आणि तो लिहून ठेवा.

मतदानाच्या रीतीचं उदाहरण घ्या. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती रुजवली, आता प्रोग्रामिंगच्या वर्गांतही ती पुष्कळ वापरली जाते. पर्यायी उत्तरांचा एक प्रश्न, आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मतदान. बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तर चर्चा फळते. त्याहून कमी असतील तर पुन्हा शिकवावं लागतं, जास्त असतील तर पुढे जावं. तिकडे रिमोटसारखी यंत्रं वापरत, आपल्याकडे मोबाइल अ‍ॅप सुचवलं जातं. पण वर्गात नेटवर्क नसेल तर चार रंगांची कार्डं पुरतात. इथे बदल करणं भागच आहे. कार्डं मात्र छातीशी धरायला लावा. वर उंचावली की मागची मुलं पुढच्यांचा रंग बघून आपला ठरवतात आणि पहिल्या मतदानाला काही अर्थ उरत नाही.

दर प्रॅक्टिकलनंतर तीन ओळी: काय बदललं, कुठे अडलं, किती मिनिटं जास्त लागली. त्याच दिवशी लिहा.

पायरी ६: मोजा, पण जपून

तुलना स्वतःच्याच दोन बॅचमध्ये करा. दुसऱ्या कॉलेजाशी करू नका, तिथली प्रवेशाची गुणवत्ताच वेगळी असते. दोन्ही बॅचना एकाच दिवशी तेच तीन प्रश्न द्या, दहा मिनिटांचे: एक ‘याचं आउटपुट काय’, एक ‘चूक शोधा’, एक चार-पाच ओळी लिहायचा. पेपर दुसऱ्या विभागातल्या जोडीदाराने तपासावेत, कोणत्या बॅचचे ते न सांगता.

इथे एक सापळा आहे. बॅच रोल नंबरने पडतात आणि उशिरा प्रवेश घेतलेली मुलं बहुधा शेवटच्या बॅचमध्ये जमा होतात. सुरुवातीचे काही आठवडे बुडालेले असल्याने ती मागेच असतात. त्या बॅचशी तुलना केली तर कुठलीही रीत यशस्वी ठरते. आणि टक्केवारी लिहू नका. २० जणांत दोन मुलं म्हणजे १० टक्के. ‘२० पैकी १३, आधी २० पैकी ९’ असंच लिहा, वाचणाऱ्याला आकडा केवढा आहे ते कळतं.

मोठ्या वर्गात अशा गोष्टी मोजता येतात हे आपल्याकडेही दिसलं आहे. आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या शेकडो मुलांच्या प्रोग्रामिंग वर्गात ‘विचार करा, जोडीत बोला, वर्गाला सांगा’ ही रीत वापरून मुलं किती गुंततात याचा अभ्यास झाला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनीही मुलं त्या त्या क्षणी काय करतात याची निरीक्षणं नोंदवली. मुलांना ‘आवडलं का?’ विचारून भागत नाही. सर समोर उभे असताना सगळ्यांना सगळं आवडतं.

ठेवायचं कुठे

एक सामाईक ड्राइव्ह फोल्डर पुरे. गिटहब उत्तम, पण गटातल्या एकालाही ते जड जात असेल तर नको. फोल्डर कोणा एकाच्या खासगी खात्यावर ठेवू नका, विभागाच्या खात्यावर ठेवा आणि दोन विभागांना पूर्ण हक्क द्या. फाइलच्या नावात विषय, रीत, आवृत्ती आणि वर्ष येऊ द्या. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन सर’ अशी नावं दिसली की समजायचं, पुढच्या वर्षी हे कोणी उघडणार नाही.

पानाखाली क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लिहा, श्रेय देऊन कोणीही वापरावं असा. लिहिणाऱ्याचं नाव राहतं आणि दर वेळी परवानगी मागावी लागत नाही. पुस्तकांची स्कॅन केलेली पानं फोल्डरमध्ये टाकू नका, ती आपली नसतात. मुलांच्या उत्तरपत्रिका नमुन्यादाखल द्यायच्या तर नाव, रोल नंबर आणि पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) झाकूनच. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. आणि कायदा नसता तरी मुलाची चूक नावासकट जिल्हाभर फिरवणं बरं नव्हे.

फसलेली पानंही त्याच फोल्डरमध्ये ठेवा, वेगळी काढू नका. ‘अमुक अट नव्हती म्हणून चाललं नाही’ असं पान पुढच्या माणसाचे चार आठवडे वाचवतं.

कुठे बिघडतं

सर्वांत आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये. दोन आठवडे पानं येतात, मग वाढदिवस, मग परिपत्रकं. ग्रुप फक्त तारखा ठरवायला ठेवा.

मग बैठकीत. एकत्र बसलं की गाडी अभ्यासक्रमाकडे वळते: हा भाग काढायला हवा, तो पेपर फार लांब आहे. हे काम अभ्यास मंडळाचं, तिथेच न्यावं. बैठक दीड तासाची ठेवा: दोन पानं, प्रत्येकी ४० मिनिटं, आणि शेवटी तारखा. पान ज्याने लिहिलं त्याने बोलायचं नाही. ज्याने ते वापरून बघितलं त्याने बोलायचं आणि लिहिणाऱ्याने फक्त उत्तरं द्यायची. एवढा एक नियम पाळला तरी भाषणं थांबतात.

आणि माणूस बदलल्यावर. सीएचबीचा शिक्षक सत्राअखेर जातो, सोबत सगळं डोक्यातलं जातं. शेवटच्या आठवड्यात त्याच्याबरोबर बसून त्याच्या पानांतला ‘कशावाचून चालत नाही’ हा कप्पा पुन्हा भरून घ्या. पाकिटं, पट्ट्या, कार्डं लॅबच्या कपाटात, खोक्यावर विषयाचं नाव लिहून. त्याला प्रमाणपत्र द्या, तारखा आणि कामाचं स्वरूप नीट लिहून. पुढच्या मुलाखतीत त्याला त्याचा उपयोग होतो.

पहिल्या सत्राचं वेळापत्रक

आषाढीच्या आसपास पंढरपूरच्या रस्त्यावर प्रवास ठरवू नका. पहिली बैठक वारी परतल्यानंतरच्या शनिवारी दुपारी, त्यात फक्त विषय आणि जोड्या. पुढच्या दोन आठवड्यांत प्रत्येक विभागाने एक पान लिहायचं. ऑगस्टमध्ये एकेक भेट, गणपतीच्या आधी उरकलेली बरी. सप्टेंबरमध्ये चार आठवडे एका बॅचवर प्रयोग, महिनाअखेरीस दहा मिनिटांची चाचणी. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी दुसरी बैठक, कारण त्यानंतर सबमिशन आणि विद्यापीठाच्या परीक्षा सुरू होतात आणि कोणी फोनही उचलत नाही. दुसऱ्या सत्राची पहिली बैठक सोलापुरात ठेवणार असाल तर संक्रांतीचा आठवडा टाळा. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाच्या बाजूने गाडी आत आणणं जमत नाही.